अब्बांच्या फ्लॉप्या

मिरजेच्या घराची साफसफाई काढली तेव्हा कपाटाच्या वरच्या फळीवर एक डबा सापडला. आत 14 फ्लॉप्या. लेबलांवर अब्बांचं अक्षर: ‘लेख 1998’, ‘मदरसा हिशोब’, ‘भाषण’. मी भंगारात टाकायला निघालो, तर अम्मी म्हणाली, “फेंक नक्को बाबा, अब्बा का कुछ रहेगा उसमें.”

माळ्यावरच्या जुन्या संगणकात फ्लॉपी ड्राइव्ह होता. त्यावर लिनक्स टाकलं, पहिली फ्लॉपी सरकवली आणि तो ओळखीचा खरखर आवाज आला. आजच्या लिनक्सने ती वाचली याचं मला नवल वाटलं, कारण हा ड्रायव्हर जवळजवळ बेवारस झाला होता.

गोष्ट 2019 ची. लिनक्सच्या कर्नेलमध्ये फ्लॉपीचा भाग जे सांभाळत होते, त्यांच्याकडे चालू ड्राइव्हच उरला नव्हता. म्हणून लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नेलच्या नोंदीत त्या ड्रायव्हरपुढे ‘अनाथ’ असा शेरा मारला. ड्रायव्हर एकदा लिहिला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण कर्नेलची आतली रचना सारखी बदलत असते. जो ती बदलतो, त्याने ती वापरणारे सगळे ड्रायव्हरही दुरुस्त करायचे असा तिथला रिवाज आहे. दुरुस्ती कुणीही करेल हो, पण ती चालते का हे बघायला टेबलावर खरं यंत्र लागतं. ते नसेल तर सगळा अंदाजाचा कारभार.

तिथे जुन्याचं कौतुक नाही, हेही खरं. ज्या 386 वर लिनसनी 1991 साली लिनक्स सुरू केलं, त्या 386 चा आधार 2012 च्या डिसेंबरात काढून टाकायला खुद्द त्यांनीच मंजुरी दिली. मला ते चूक वाटत नाही. ज्याची चाचणी कुणी घेत नाही, तो कोड नुसता ठेवून काय उपयोग?

फ्लॉपीला मात्र वाली मिळाला. तिच्यातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने पुढे जबाबदारी घेतली. शेरा बदलला, आता तिथे ‘जमेल तशा दुरुस्त्या’ अशा अर्थाचे शब्द आहेत. त्या माणसाला मिरज ठाऊक नसणार, आणि अब्बाही.

14 पैकी 9 उघडल्या. मजकूर जुन्या फॉन्टमधला, त्यामुळे पडद्यावर नुसती विचित्र चिन्हं. तो फॉन्ट एका छापखान्यात मिळाला. ‘लेख 1998’ छापून अम्मीच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, दोन पानं वाचली आणि विचारलं, “भाषणवाली खुली क्या?”

ती उघडली नाही. ड्राइव्हचं हेड स्पिरिटने पुसून उद्या पुन्हा बघतो.