साणं

आमच्या सोनईच्या जुन्या घरात दिवस दारातून यायचा नाही, छतातून उतरायचा. माजघराच्या धाब्याला मधोमध वीतभर साणं होतं, आणि त्यातून आलेला कवडसा चुलीच्या धुरात असा काही उभा राहायचा, की लहानपणी मी त्याला धरायला हात पुढे करत असे. हाताला लागायचं काहीच नाही. तळवा तेवढा ऊन व्हायचा. कवडसा जात्यापाशी आला, की आजी तव्यावर पहिली भाकरी टाकी. वैशाखातल्या भर दुपारी तो सरळ खाली पडे. पौषात तिरपा होऊन उत्तरेच्या भिंतीशी जाऊन बसे. घड्याळ होतं घरात. बंद.

आता मळ्यात एक लहानसं घर बांधायचं ठरलं आहे. सुट्टीत येऊन राहण्यापुरतं, विजेवर फार न विसंबणारं. आराखडा करणारी मुलगी हुशार आहे. लॉरी बेकरांबद्दल तिनंच सांगितलं. इंग्लंडातून येऊन केरळात रमलेल्या या वास्तुकारानं गांधीजींचं एक म्हणणं आयुष्यभर जपलं, की घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. मी मनातल्या मनात पाच मैलांचं रिंगण काढून पाहिलं. त्यात उसाचे फड आले, बांधावरचे निंब आले, पाटाचं पाणी आलं. शनिशिंगणापूरही आलं, जिथल्या घरांना चौकटी असतात आणि कवाडं नसतात. (तो भरवसा मात्र उसना मिळत नाही.)

आणि माती आली. काळी पिकवायची, पांढरी राहायची, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. काळी पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर घर टेकवायचं तर मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. पांढरी गावठाणातली, कितीतरी पिढ्यांची घरं विरघळून झालेली. तिच्याच दीड हात रुंद भिंती, बाहेरचा उन्हाळा सहजी आत येऊ न देणाऱ्या. वर तुळया, तुळयांवर किलचण, त्यावर पाला, त्यावर माती. आणि दरसाल मृगाआधी खाऱ्या मातीचा थर, म्हणजे गवत उगवत नाही. वर्षाकाठी 500 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात एवढं पुरतं. कोकणात असं धाबं एका आषाढात खाली आलं असतं.

पहिल्या सरीचा वास सगळ्यांना अंगणातून येतो. आम्हाला तो डोक्यावरून यायचा, आधी वास आणि मग थेंब. आजी ओरडे, "पाणी आलं, साणं झाक गं!" आणि मी घमेलं घेऊन शिडीवर. कधी उशीर व्हायचा. जमिनीवर, कवडसा पडायचा नेमक्या त्याच जागी, ओला गोल उमटलेला असे. आजी रागवायची नाही. पोतेरं फिरवायची, आणि त्या ओल्या सारवणाचा वास...

मुलीनं नव्या घराच्या छताला काच दाखवली आहे, पक्की बसवलेली, न गळणारी. मी म्हटलं, काच नको, झाकण ठेव, हातानं लावायचं.

"आणि पावसात वर चढणार कोण, ताई?"

मी काही बोलले नाही. आराखड्यात शिडी तेवढी काढून घेतली.