काळी-पिवळी आणि रंगाचा वास

नवरात्र जवळ आलं की तुळजापूरच्या काळ्या-पिवळ्या जिपा रंगाला लागायच्या. जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. सोलापूर रस्त्याच्या कडेला लिंबाचं झाड, कॉम्प्रेसरची धडधड आणि पत्र्यावरची लांबी घासणारी पोरं. थिनरचा गोडसर वास पलीकडच्या हॉटेलापर्यंत पोचायचा. आम्ही मुद्दाम तिथं रेंगाळायचो. उस्तादाच्या तोंडाला रुमाल. काम संपलं की हात थिनरनंच धुवायचे, मग गुळाचा खडा. गुळानं छाती साफ होते हा पक्का समज. तो खडा पोटात जातो, फुप्फुसात नाही, हे कोण सांगणार? पिवळ्या रंगात तेव्हा सर्रास शिशाचं क्रोमेट असे. घासताना उडालेली पूड हातावरून भाकरीवर जाई.

एक गोष्ट मात्र नकळत भली होती. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग झटपट सुकायचा, त्यामुळं उघड्यावर मारला तरी चालायचं आणि वारा फवारा उडवून न्यायचा.

आता पाटी धाराशिवची आणि चमक आरशासारखी. टू-के पीयू, म्हणजे दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग हार्डनर घालून मारतात. तो सुकायला वेळ घेतो, धूळ चिकटते, म्हणून पत्र्याच्या शेडला प्लास्टिकचे पडदे लागले. धूळ बाहेर राहिली, विष आत कोंडलं. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं; १९८४ साली भोपाळला सुटलेला वायू वेगळा, पण कूळ तेच. मात्रा धोक्याची झाली तरी हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा वास येत नाही. त्यातून एकदा दमा जडला, की पुढं किंचितसा फवाराही छाती आवळतो. कोळशाच्या मास्कची ताकद संपली तरी नाकाला कळत नाही. म्हणून नळीतून स्वच्छ हवा देणारा मास्क हवा, डोळे-कातडी झाकलेली हवी. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. तिला खालून ओढणारा, ठिणगी न पाडणारा पंखा हवा. शिशाचं म्हणाल, तर रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे २०१६चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत, गाडीच्या नाहीत.

जुना वास आठवला की बरं वाटतं, पण त्या वासानं निदान जागं तरी ठेवलं होतं. आता गाडी रंगाला टाकताना आपण कंपनी विचारतो, शेड विचारतो, भावात घासाघीस करतो. हवेचा मास्क आहे का, हेही विचारावं, आणि त्याचे पैसे बिलात लागले तर तेवढ्यापुरती घासाघीस सोडावी.