घाट चढून गेलेली माणसे

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की आपापली माणसे आठवू लागतात. यंदाच्या मे महिन्यात आम्हीही पुण्याहून मोटारीने निघालो. आमचे कुटुंब, चिरंजीव, सूनबाई, कन्या व आम्ही असे पाचजण होतो. वाईस आत्याबाईंकडे एक मुक्काम करावा आणि महाबळेश्वरावरून कोकणात उतरून दापोली तालुक्यातील मुरूड गावी काकांकडे चार दिवस राहावे, असा बेत होता. वरवर पाहता हा प्रवास भेटीगाठींचा. परंतु आमच्या मनात दुसराही एक हेतु होता. काकांचे वय ७८. तेथे ती दोघेच राहतात. त्यांना पुण्यास आणावे व समुद्राकाठचे आगर विकून टाकावे, हे त्यांच्या गळी उतरवावयाचे होते. गिऱ्हाईकही तयार होते.

आमच्या कन्येस व सूनबाईस पहाटे उठून पळण्याचा नाद आहे. मॅरेथॉन शर्यतीसाठी दोघींचा सराव चालू असल्यामुळे प्रवासातही त्यात खंड पडू द्यावयाचा नाही, असे त्यांनी निघतानाच बजावले होते. वाईस दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच दोघी मेणवलीच्या रस्त्याने पळत निघाल्या आणि आम्ही वयाला शोभेल अशा चालीने मागून गेलो. एका बाजूस ऊस, एका बाजूस नांगरून ठेवलेली रिकामी शेते आणि झाडीआड कृष्णामाई. सुमारे तीन किलोमीटरांवर नाना फडणविसांचा वाडा व नदीवरील घाट लागतो. तेथे वसईच्या मोहिमेतून आणलेली मोठी घंटा टांगलेली आहे. नानांचे मूळ गाव कोकणातील वेळास. त्यांचे घराणे कोकणातून घाट चढून वर आले, म्हणून हा वाडा येथे उभा राहिला. आमचे वडीलही असेच एके काळी मुरूडहून घाट चढून आले होते. मागे राहिले ते काका!

ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन, आत्याबाईंनी बांधून दिलेल्या दशम्या व लोणचे घेऊन आम्ही पसरणीचा घाट चढलो. महाबळेश्वरास गर्दी फार, म्हणून तेथे न रेंगाळता आंबेनळी घाटाने उतरू लागलो. वाटेत प्रतापगड पाहिला. १६५६ साली शिवाजीमहाराजांनी हा गड मोरोपंत पिंगळ्यांकडून बांधविला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. तटावरून जावळीचे खोरे न्याहाळताना शत्रूस येथवर का ओढून आणले असेल, हे पुस्तकाच्या दहा पानांपेक्षा एका दृष्टिक्षेपात अधिक कळते.

पोलादपूर, खेड, दापोली असे करीत दिवे लागणीच्या सुमारास मुरूड गाठले. वळणांनी चिरंजीव वैतागले होते. तेव्हा आम्हांस याच गावच्या एका मुलाची आठवण झाली. धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेस बसण्यासाठी मुरूडहून साताऱ्यास पायी गेले. सुमारे ११० मैलांची, म्हणजे १७७ किलोमीटरांची ती वाट त्यांनी डोंगर तुडवीत चार दिवसांत काटली. आणि तेथे पोचल्यावर ‘हा मुलगा वयाने लहान दिसतो’ म्हणून त्यांना परीक्षेस बसूच दिले नाही! पुढे १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. १९५८ साली ते ‘भारतरत्न’ झाले आणि आज गाव त्यांचे नाव अभिमानाने सांगते. घाट चढून गेलेल्यांची नावे अशी राहतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दोघी पाखाडीवरून कर्द्याच्या दिशेने पळत निघाल्या. एका गडग्याआडून एक आजीबाई घाबऱ्या घाबऱ्या बाहेर आल्या. “काय झालं गो? कोण आजारी आहे?” त्यांनी विचारले. व्यायाम म्हणून कोणी पळते, हे त्यांना पटेना. आम्ही मागून पोचून ओळख दिली, तशी त्या म्हणाल्या, “माणसं आली, बरं झालं. गेल्या पावसाळ्यात आगरात घसरून पडले, तेव्हा आमच्या पोरांनीच त्यांना दापोलीस नेलं.” काकांनी पत्रात वा फोनवर यातील एक अक्षरही कळविले नव्हते! मोटारीने थेट अंगणात उतरलो होतो, तेव्हा ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती. पायी निघालो, तेव्हा ती कळली.

घरी परतल्यावर काकूंनी दोघींपुढे आटवल भात ठेवला व विचारले, “किती पळलात?” सहा किलोमीटर, असे ऐकून त्या हसल्या. “अगं, विहीर, गोठा, आगर करताना मीही तेवढी पळत होते. माझं कोणी मोजलं नाही, इतकंच.”

न्याहारीनंतर काकांबरोबर आगरात गेलो. आता विषय काढावयाचाच, असा मनाशी निश्चय केला होता. पडल्याचे विचारताच काका म्हणाले, “पाय घसरला, त्यात सांगण्यासारखं काय?” मग धीर करून आम्ही पुण्याचे व गिऱ्हाइकाचे बोललो. ते रागावले नाहीत. रांगेने लावलेल्या कोवळ्या पोफळींकडे त्यांनी बोट दाखविले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील बागांची धूळधाण केली. काकांच्या आगरातील बहुतेक पोफळी व निम्मे माड एका दुपारी आडवे झाले. पोफळीस फळ धरावयास पाच-सहा वर्षे लागतात, माडास त्याहूनही अधिक. तरी त्याच पावसाळ्यात त्यांनी नवी रोपे लावली.

“तेव्हा टाळेबंदी होती, तुम्हांला येता आलं नाही, त्यात तुमचा दोष नाही,” काका म्हणाले. “फोनवर तू विचारलंस, पैसे पाठवू का? मला माणसं हवी होती, रे. पडलेली झाडं ओढायला. त्यानंतर किती पावसाळे गेले, तूच मोज.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. यंदा त्यातील काही झाडांना पहिली पोय आली आहे, ती त्यांनी आम्हांस दाखविली.

रात्री पडवीत सर्वांची बैठक झाली. आगर तूर्त विकावयाचे नाही, असे ठरले. शिंपणे व राखणीसाठी गडी ठेवावा, त्याचा पगार आम्ही द्यावा. लावणीच्या दिवसांत चिरंजीवांनी आठ दिवस येऊन राहावे. आणि दिवाळीनंतर काका-काकूंनी दोन महिने पुण्यास यावे. काकांनी शेवटचे कलम मात्र “बघू” म्हणून टोलविले. पुढे काय होईल ते आज सांगवत नाही. काकांचे गुडघे काही तरुण होणार नाहीत, आणि गिऱ्हाईकही पुन्हा विचारल्यावाचून राहणार नाही.

निघताना काकूंनी आमसुले, फणसाची साठे व एक पोते नारळ मोटारीत घातले. घाट चढताना सूनबाई म्हणाल्या, “जूनमध्ये मीही येते. पावसात पळायचं राहिलंच आहे.” आम्ही म्हणालो, “पळा; पण आधी रोपे लावा.”