गंगेचा आंधळा शेजारी

डॉल्फिन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. निळाशार समुद्र, पाण्याबाहेर उंच उडी घेणारा गुळगुळीत देह आणि सदा हसरा चेहरा. सिनेमा आणि टीव्हीने हे चित्र आपल्या मनात पक्के केले आहे. पण ज्याला भारताने राष्ट्रीय जलचराचा मान दिला, तो डॉल्फिन या चित्रात कुठेच बसत नाही. तो समुद्रात राहत नाही. माणसाजवळ येऊन लाड करून घेत नाही. आणि त्याला जवळजवळ दिसतही नाही.

तो गंगेच्या गढूळ पाण्यात राहतो. कोलकात्याला लागून वाहणाऱ्या हुगळीत तो आहे आणि वर नवद्वीप-कटव्याकडे तर तो नावाड्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे. बंगाली माणूस त्याला 'शुशुक' म्हणतो, बिहार-उत्तर प्रदेशात तो 'सोंस' आहे. श्वास घेण्यासाठी तो क्षणभर वर येतो तेव्हा होणाऱ्या आवाजावरून ही नावे पडली, असे लोक सांगतात. संस्कृतात त्याला 'शिशुमार' म्हणत. आपल्या 'सुसर' शब्दाचे मूळही तिथेच सांगतात. मराठीत येईपर्यंत मात्र ते नाव दुसऱ्याच प्राण्याला चिकटले!

कलकत्त्याने करून दिलेली ओळख

आधुनिक शास्त्राला या प्राण्याची ओळख झाली ती कलकत्त्यातूनच. हुगळीकाठच्या शिबपूर येथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग हे खरे तर झाडापानांत रमणारे गृहस्थ. पण १८०१ साली त्यांनी गंगेतील या डॉल्फिनचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे इंडियन म्युझियमचे अधीक्षक जॉन अँडरसन यांनी त्याच्या शरीररचनेचा बारकाईने अभ्यास केला.

याच अँडरसन यांनी ब्रह्मदेशातील इरावडी नदीतल्या डॉल्फिनविषयी एक मोठी गमतीदार गोष्ट नोंदवून ठेवली आहे. हा डॉल्फिन वेगळ्या जातीचा. तेथील कोळी मानत, की डॉल्फिन मुद्दाम मासे हाकून आपल्या जाळ्यात आणतो. प्रत्येक गावाचा आपला एक राखणदार डॉल्फिन असे. आणि 'आमच्या डॉल्फिनने हाकलेले मासे शेजारच्या कोळ्याच्या जाळ्यात गेले, आमचा वाटा द्या', म्हणून लोक तिथल्या न्यायालयात फिर्याद घेऊन जात! ही निव्वळ समजूत नव्हती. इरावडीचे काही कोळी आणि डॉल्फिन यांची ही भागीदारी आपल्या काळातही अभ्यासकांनी पाहिली आहे. ब्राझीलमधील लागुना गावीही कोळी आणि समुद्री डॉल्फिन पिढ्यान्‌पिढ्या असेच मिळून मासे धरतात.

शुशुकाने मात्र माणसाशी अशी भागीदारी केली नाही. तो आपला वेगळाच राहिला.

आरशात न पाहणारी बुद्धी

समुद्री डॉल्फिनच्या हुशारीचे दाखले पुष्कळ आहेत. प्रत्येक बॉटलनोज डॉल्फिनची स्वतःची एक शीळ असते, जणू त्याचे नावच. २००१ साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात केलेल्या प्रयोगात डॉल्फिननी आपल्या अंगावर काढलेली खूण आरशात निरखून पाहिली. आरशातले रूप आपलेच आहे हे फार थोड्या प्राण्यांना कळते. आणि ते लोभस हसू? ते आनंदाचे नाही. ती जबड्याची ठेवण आहे. दुःखात असलेला डॉल्फिनही तसाच 'हसतो'.

शुशुकापुढे आरसा धरून काय उपयोग? त्याच्या डोळ्याला भिंगच नाही. उजेड आणि अंधार यांच्यापलीकडे त्याला फारसे काही कळत नाही. ज्या पाण्यात वीतभर अंतरावरचेही दिसत नाही, तिथे डोळ्यांचे काम तरी काय? म्हणून त्याने सारा संसार कानांवर उभा केला. तो जवळजवळ अखंड 'टिक् टिक्' असा बारीक आवाज काढत राहतो. समोरच्या वस्तूवर आपटून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे आहे, काठ किती दूर आहे, गाळ कुठे साचला आहे हे त्याला समजते. यातला बहुतेक आवाज माणसाच्या कानाच्या टप्प्यापलीकडचा असतो. त्याच्याच जातकुळीतले सिंधू नदीचे डॉल्फिन १९६८ मध्ये अमेरिकेत नेले होते. तेव्हा असे दिसले, की ते कुशीवर पोहतात आणि एक पर तळाला लावत, आंधळ्याने काठी टेकत चालावे तसे पुढे जातात.

आपल्यासारखे वागतो तो हुशार, असे माणसाचे जुने माप आहे. त्या मापाने शुशुक नापास होईल. पण सतत पात्र बदलणाऱ्या, पुराने आणि भरती-ओहोटीने हलणाऱ्या नदीत केवळ ऐकून वाट काढायची, पोट भरायचे आणि एकुलते एक पिल्लू वाढवायचे, याला बुद्धी नाही तर काय म्हणावे?

मान मिळाला, शांतता नाही

सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात, ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची यादी दिली आहे. त्यातील 'गंगा-पुपुटक' म्हणजे हाच डॉल्फिन, असे अनेक अभ्यासक मानतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. बिहारमध्ये भागलपूरजवळ १९९१ मध्ये त्याच्यासाठी विक्रमशिला अभयारण्य झाले, आणि २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचर ठरवण्यात आले.

पण कायदा कागदावर आणि प्राणी पाण्यात. डॉल्फिन हा मासा नव्हे. त्याला हवेसाठी वर यावेच लागते. नायलॉनच्या बारीक जाळ्यात अडकला, की तो पाण्यातच गुदमरून मरतो. काही भागांत त्याच्या चरबीचे तेल मासे पकडण्याच्या आमिषासाठी वापरले जाई. पाटणा विद्यापीठाचे प्रा. रवींद्रकुमार सिन्हा यांनी, माशांच्या टाकाऊ भागांपासून काढलेले तेलही हेच काम करते, हे दाखवून दिले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या फराक्का बंधाऱ्याने कलकत्त्याच्या बंदराला पाणी मिळाले, पण वरचे आणि खालचे डॉल्फिन एकमेकांपासून तुटले.

सर्वांत नवे संकट डोळ्यांना दिसत नाही. ते आहे आवाजाचे. हल्दिया ते प्रयागराज हा १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग शुशुकाच्या घरातूनच जातो. बिहारमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की बोटींच्या गोंगाटात हे डॉल्फिन आपले आवाज बदलतात आणि त्यांच्या शरीरावर ताण येतो. पाणी उथळ असेल तर तो आणखी वाढतो. ज्याचे कान हेच डोळे, त्याच्या कानाशी दिवसभर इंजिन धडधडत राहिले तर त्याने पाहायचे कसे? २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे हुगळीवरच्या लाँच थांबल्या. तेव्हा कोलकात्याच्या घाटांजवळ शुशुक दिसल्याच्या बातम्या आल्या आणि अनेकांना प्रथमच कळले, की आपल्या शहरात असाही एक शेजारी आहे.

एक धडा चीनचा, एक कोकणासाठी

मार्च २०२५ मध्ये देशातील नदी-डॉल्फिनच्या पहिल्या गणनेचा अहवाल प्रसिद्ध झाला. एकूण संख्या ६,३२७. त्यांपैकी ८१५ पश्चिम बंगालमध्ये. आकडा धीर देणारा आहे, पण निश्चिंत करणारा नाही. चीनच्या यांगत्से नदीत असाच एक डॉल्फिन होता, 'बैजी'. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी नदी पिंजून काढली, तेव्हा एकही सापडला नाही. त्याला कोणी ठरवून संपवले नव्हते. जाळी, बोटी, बंधारे, सांडपाणी हे सारे आपापल्या कामात होते आणि तो मध्ये सापडला.

कोलकाता दूर आहे असे आपण म्हणू शकत नाही. मालवण-तारकर्लीला, दापोलीजवळच्या मुरुडला सुट्टीत जाणारी कुटुंबे डॉल्फिन पाहायला होडीत बसतातच. ते दिसले की 'अजून जवळ घ्या!' असा एकच गलका होतो आणि होडी त्यांच्या मागे धावते. मुलांना त्याच वेळी सांगता येईल, की तो आपल्या करमणुकीसाठी वर आलेला नाही, श्वास घ्यायला आला आहे. होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगावे, अंतर राखावे आणि गप्प बसून वाट पाहावी. दिसला तर आनंद. नाही दिसला तरी तो खाली, आपल्या घरी सुखरूप आहे, यात समाधान मानता येते.