ॲबिंग्डन : उघड्या टपाच्या गाड्यांचं गाव

इंग्लंडला लेकीकडे किंवा मुलाकडे गेलेल्या आपल्या बायकांचा ऑक्सफर्डचा एक दिवस ठरलेलाच असतो. कॉलेजांचे दगडी मनोरे पाहायचे, नदीतल्या होड्या पाहायच्या, चार फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मैत्रिणींनो, ऑक्सफर्डला जाच. पण जमलं तर आणखी एका दिवसाची सवड काढा आणि तिथून बसने ॲबिंग्डनला जा. अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटरचं. रेल्वे आता या गावाला नाही. पूर्वी होती, ती १९६३ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. पण बस चांगली आहे, आणि खिडकीजवळ जागा मिळाली तर वाट कशी सरते कळतही नाही.

गाव थेम्स नदीच्या काठी आहे. लंडनमध्ये जी थेम्स आपण पाहतो ती रुंद, गढूळ आणि घाईत असलेली. इथे तीच नदी संथ आहे. काठाला गवत, पाण्यात बदकं, वर जुना दगडी पूल. कृष्णाकाठच्या वाईची आठवण यावी असं वातावरण. फक्त घाट आणि देवळं नाहीत. नदीजवळच सेंट हेलन्सचं चर्च आहे आणि त्याच्या आवारात गरीब म्हाताऱ्यांसाठी १४४६ मध्ये बांधलेल्या खोल्यांची लांबच लांब ओळ आहे. पुढे लाकडी पडवी, मागे एकसारखी दारं. घडीभर तिथल्या बाकावर बसा, बरं वाटेल.

बाजारचौकात मधोमध काऊंटी हॉल ही भारदस्त इमारत उभी आहे. सतराव्या शतकातली, खाली खांबांचा मोकळा मंडप, वर न्यायदानाचा मोठा दिवाणखाना. या इमारतीच्या गच्चीवरून एक गमतीची रीत पाळतात. राजघराण्यात राज्याभिषेकासारखा मोठा प्रसंग असला की गावचे नगरसेवक गच्चीवर चढतात आणि खाली जमलेल्या लोकांवर बनपाव फेकतात! १७६१ साली तिसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकापासून ही रीत चालू आहे, असं सांगतात. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या वेळीही बनपाव उधळले गेले. त्यातले काही जुने बनपाव संग्रहालयात जपून ठेवले आहेत. आपण लग्नाची अक्षत जपून ठेवतो, तसेच म्हणा ना!

वरच्या मजल्यावरची मोटार

संग्रहालय याच इमारतीत आहे. जिना चढून दिवाणखान्यात गेलात की समोर चक्क एक मोटार उभी दिसते. जिन्यातून मोटार वर येणार कशी? क्रेननं उचलून मोठ्या खिडकीतून आत घेतली. ही मोटार म्हणजे एमजीबी जातीची, ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९८० मध्ये बाहेर पडलेली शेवटची गाडी.

तुम्ही म्हणाल, मोटारींचं आम्हाला काय? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण हे नाव तुमच्या ओळखीचं आहे. आपल्याकडे २०१९ पासून एमजी नावाच्या गाड्या धावू लागल्या. गुजरातेत हालोलला त्या तयार होतात. त्या नावातली दोन अक्षरं म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधल्या एका गॅरेजचं नाव. त्या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर हलक्याफुलक्या, चपळ गाड्या बांधायला सुरुवात केली. त्या इतक्या खपू लागल्या की जागा पुरेना. मग १९२९ मध्ये ॲबिंग्डनला पाव्हलोव्हा नावाच्या चामड्याच्या कारखान्याची रिकामी पडलेली बाजू घेतली आणि तिथे बिऱ्हाड हलवलं. आज एमजीची मालकी चिनी कंपनीकडे आहे. पण जगभरचे जुने एमजीवाले माहेर म्हणून नाव घेतात ते ॲबिंग्डनचंच.

एमजीबी १९६२ मध्ये निघाली. अठरा वर्षांत सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांहून जास्त बनल्या आणि त्यातल्या पुष्कळ अमेरिकेला गेल्या. यातली दोन माणसांची, कापडी टपाची गाडी लोकांना फार आवडली. छत्रीसारख्या सांगाड्यावर टप ताणलेला. ऊन पडलं की मागे दुमडायचा, पाऊस आला की पुन्हा ओढायचा. इंग्लंडसारख्या सतत पाऊस पडणाऱ्या देशात लोक उघड्या गाडीसाठी का वेडे होतात, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर सोपं आहे. ऊन दुर्मिळ, म्हणून त्याचं कौतुक जास्त.

टपाची खोळ

मी गेले तो जूनमधला शनिवार होता. नदीकाठच्या गाडीतळावर एक हिरवी एमजीबी उभी होती आणि सत्तरीच्या आसपासचं एक जोडपं तिच्या पाठीशी खटपट करत होतं. टप दुमडून ठेवलेला, आणि त्यावर बाई नवी कोरी काळी खोळ बसवत होत्या. गृहस्थांच्या हातात खडू. मी बघत उभी राहिलेली पाहून बाई म्हणाल्या, "एवढं टोक धराल का? यांची बोटं आता आखडतात." मी पिशवी खाली ठेवली आणि टोक धरलं. पुढचा पाऊण तास मी तिथेच होते.

दुमडलेल्या टपावर घालायच्या या खोळीला अमेरिकेत 'बूट कव्हर' म्हणतात. इंग्लंडात बूट म्हणजे डिकी. त्यामुळे नावावरून घोटाळा होतो. तिथले लोक हिला 'हूड कव्हर' म्हणतात. गाडी उभी असताना बसायची सगळी जागा झाकणारं, मधे झिप असलेलं आणखी एक आच्छादन असतं, ते वेगळं. खोळ फक्त टपापुरती. ती का लागते? गाडी वेगात निघाली की दुमडलेल्या कापडात वारा शिरतो, कापड फडफडतं, सांगाड्याच्या कोपऱ्यांवर घासून झिजतं. वरून ऊन आणि धूळ. टपाची आतली बाजू, जी एरवी कधी उन्हात येत नाही, ती विटते. शिवाय उघडी गाडी खोळीवाचून अस्ताव्यस्त दिसते. गाद्या गुंडाळून ठेवल्या आणि वर चादर घातली नाही, तशी.

पण खरं काम खोळीच्या आधीचं. बाईंनी आधी टप पुन्हा उघडून मला दाखवला. पुढच्या काचेवरच्या दोन कड्या सोडल्या, कोपऱ्यातली टिचबटणं काढली. मग टपाचं कापड मागे ओढून डिकीच्या झाकणावर सपाट पसरलं, कारण मागची खिडकी काचेची नसून मऊ प्लास्टिकची असते. तिला घडी पडली की ती रेघ कायमची. पुढे तिथेच तडा जातो. खिडकीवर एक जुनं मऊ फडकं अंथरलं, बाजूच्या छोट्या खिडक्या आत वळवल्या, सांगाडा हळूच खाली बसवला आणि मग कापड वरून आणलं. सांगाड्याच्या काड्यांमध्ये कापड अडकलंय का, ते बोट फिरवून पाहिलं. अगदी साडीच्या निऱ्या चाचपतो तसं. "ओला टप कधीही दुमडायचा नाही," गृहस्थ म्हणाले. "एक रात्र पुरते. बुरशी धरते." पावसाळ्यात दमट कपडे कपाटात कोंबले तर काय होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको!

आता खोळ. नवी खोळ रेक्झिनसारख्या कापडाची असते, कारखान्यातून घडी घालून येते, त्यामुळे ताठ असते. थंडीत तर ती आक्रसते आणि टोकाला टोक पोचत नाही. म्हणून बाईंनी ती तासभर उन्हात गाडीवर पसरून ठेवली होती. ऊन नसेल तर घरात उबदार खोलीत रात्रभर उलगडून ठेवायची. कापड मऊ पडल्याशिवाय हात लावायचा नाही.

नवीन खोळीला पुष्कळदा बटणांची भोकं पाडलेली नसतात. याचं कारण ऐका. जुन्या गाड्यांचे पत्रे, खुंट्या, दुरुस्त्या यांत प्रत्येक गाडीगणिक थोडाथोडा फरक पडलेला असतो. एका मापाचं पोलकं सगळ्यांना बसत नाही, तसंच! तेव्हा सगळी भोकं एकदम पाडणारा फसतो. आधी मागच्या कडेचा बरोबर मध्य काढायचा, तिथे खडूची खूण करायची आणि फक्त एकच भोक पाडायचं. ते खुंटीवर अडकवलं की त्याच्या डावीकडचं, मग उजवीकडचं; पुन्हा डावीकडचं, पुन्हा उजवीकडचं. एका बाजूने सुरुवात करून दुसऱ्या बाजूला गेलात तर सगळा झोल शेवटच्या कोपऱ्यात जमा होतो. गादीला अभ्रा घालताना आपण हाच अनुभव घेतो. प्रत्येक वेळी कापड हातानं ताणायचं, सुरकुती गेली की थांबायचं, खडूनं खूण करायची, मगच भोक. आणि भोक हवं त्याहून किंचित लहान. लहान भोक मोठं करता येतं, मोठं लहान होत नाही. पुढची कड आणि कोपरे सगळ्यांत शेवटी.

बटणांतही एक खुबी होती. काही गाड्यांच्या खोळीला असतात ती बटणं एकाच बाजूनं उचलली तर सुटतात; त्या बाजूला छोटासा उंच ठिपका असतो. दुसऱ्या बाजूनं ओढलं तर बटण हलत नाही, कापड फाटतं. वाऱ्यानं खोळ सुटू नये म्हणून ही युक्ती. बाईंनी माझं बोट धरून तो ठिपका दाखवला. शेवटचं बटण "टक्" करून बसलं, तेव्हा मला आपणच काही शिवून संपवल्यासारखं वाटलं.

सोमवारची गोष्ट

ते गृहस्थ तरुणपणी इथल्याच कारखान्यात कामाला होते. या कारखान्यात गाड्या पुढे नेणारा यंत्राचा पट्टा नव्हता; एका जागेवरचं काम झालं की माणसं गाडी हातानं पुढे ढकलत. सप्टेंबर १९७९ मध्ये कारखान्याला गावात पन्नास वर्षं झाली म्हणून आठवडाभर समारंभ झाला. मिरवणुका, गाड्यांचे ताफे, बायकामुलांसह सगळं गाव रस्त्यावर. रविवारी समारंभ संपला आणि सोमवारी, १० सप्टेंबरला, मालक असलेल्या ब्रिटिश लेलँड कंपनीनं ॲबिंग्डनमधलं काम थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. गाडीच्या चाहत्यांनी निषेध केला, एमजी घेऊन लंडनपर्यंत मोर्चा नेला. उपयोग झाला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर आली.

"समारंभाची पताका अजून दारावर होती," गृहस्थ म्हणाले. बाई म्हणाल्या, "आणि माझ्या कडेवर सहा महिन्यांचा मुलगा." एवढंच बोलून त्या खोळीवरची खडूची खूण पुसू लागल्या. त्यांना पुढे ऑक्सफर्डला काम मिळालं; सगळ्यांनाच मिळालं असं नाही. आपल्याकडे ज्या घरांनी गिरणी बंद पडलेली पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगावं लागणार नाही.

कारखान्याच्या जागी आता घरं आणि कचेऱ्या आहेत. जुन्या फाटकाजवळच्या रस्त्यावर १९३० मध्ये स्थापन झालेल्या एमजी कार क्लबची कचेरी आहे. आणि १९८८ मध्ये एक नवल घडलं. जुनेच साचे शोधून काढून एमजीबीचे नवे सांगाडे याच परगण्यात, फॅरिंग्डनला, पुन्हा तयार होऊ लागले. म्हणून पन्नास-साठ वर्षांच्या गाड्यांना आजही पत्रे मिळतात, टप मिळतात, आणि खोळीसुद्धा. कारखाना गेला, ज्यांनी गाड्या सांभाळल्या त्यांच्यामुळे सुटे भाग बनवणाऱ्यांचे हात चालू राहिले.

जाणार असाल तर

मे ते सप्टेंबर हे महिने चांगले. संग्रहालयाच्या वेळा आधी विचारून घ्या. गच्चीवर जाता येत असेल तर जरूर जा. जिना अरुंद आहे, साडी नेसणार असाल तर जरा उंच नेसा. छत्री विसरू नका. नदीकाठी बसून खायला चौकातूनच काहीतरी घ्या. आणि एखादी उघड्या टपाची गाडी दिसली तर मालकाला खुशाल प्रश्न विचारा. ही मंडळी एरवी अबोल, पण गाडीचं नाव काढलं की थांबत नाहीत.

घरी परतल्यावर एक करा. शिवणयंत्राची, हार्मोनियमची, जावयाच्या स्कूटरची खोळ काढून पाहा. आत ओल आहे का, कोपऱ्यात कापड घासलंय का, टिचबटण कुठल्या बाजूनं ओढलं जातंय. आणि नवी शिवायची असेल तर खडूची पहिली खूण मध्यावर करा.