पिठाचा कोंबडा आणि प्लॅस्टिकचं मिग



आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मुलगा खेळण्यातली बंदूक मागतो. रंगपंचमीची पिचकारीसुद्धा बंदुकीच्याच आकाराची मिळते. मोबाइलवरच्या खेळात तर दर मिनिटाला माणसं मरतात. आपण ‘नको रे बाळा’ म्हणतो. पण का नको, हे नीट सांगायची वेळ आली की आपल्यालाच शब्द सापडत नाहीत. २०२५ च्या चातुर्मासात हा प्रश्न आमच्या बावड्यातल्या घरी लढाऊ विमान होऊन आला.

विमान म्हणजे प्लॅस्टिकचं, सुटे भाग जोडून करायचं. ह्यांचे मामा नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात नोकरीला होते. तो कारखाना १९६४ साली मुळात मिग-२१ बनवण्यासाठीच उभा राहिला. मामांनी कधीतरी मुंबईहून त्याच विमानाचा एक परदेशी किट आणला होता. करू करू म्हणता राहून गेला. पुढे खोका आमच्या माळ्यावर आला. पावसाळ्यात माळा आवरताना तो आमच्या चौदा वर्षांच्या धाकट्याच्या हाती लागला आणि त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना.

खोक्यावर १/७२ असं छापलेलं आहे. म्हणजे खरं विमान बहात्तर पटींनी लहान केलेलं. खऱ्या मिगच्या पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ७.१५ मीटर. ते इथे दहा सेंटिमीटरसुद्धा भरत नाहीत, आपल्या पोळपाटावर सहज मावतात.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आक्कांनी, खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि विचारलं, “ह्ये बाँब टाकायचं इमान न्हवं?”

“आक्का, प्लॅस्टिकचं आहे. खोटं आहे.”

“पिठाचा कोंबडा बी खोटाच हुता की रं.”

मैत्रिणींनो, यशोधर राजाची कथा आपण मंदिरात लहानपणापासून ऐकत आलोय. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलकचंपू’त ती विस्ताराने सांगितली. राजा वाईट स्वप्नाची गोष्ट आईला सांगतो. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव घ्यायला तयार होत नाही. तेव्हा आईच तोड काढते, खरा नको तर पिठाचा कोंबडा करून दे. राजा तो देतो. कुणाचाही जीव गेला नाही, तरी पुढच्या जन्मी मुलगा मोर होतो आणि आई कुत्र्याच्या जन्माला जाते. असे कितीतरी जन्म दोघं भोगतात. कारण पीठ कापताना मनात कोंबडाच होता.

आक्कांचं बोलणं मला हसण्यावारी नेता आलं नाही. ती कथा मायलेकांची आहे. सुचवणारी आईच आहे, आणि फळ तिलाही चुकलं नाही. म्हणून ‘खेळणंच तर आहे’ एवढ्यावर मी प्रश्न सोडवू शकत नव्हते. हे विमान करताना माझ्या मुलाच्या मनात काय असणार आहे, हे मला बघायचं होतं. मी आक्कांना एवढंच म्हटलं, “त्याला करू दे, मी शेजारी बसते.” त्या ‘बस’ म्हणाल्या. परवानगी अशी नव्हती, पण नकारही नव्हता.

खोका उघडल्यावर पहिले हे पुढे आले. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत अख्खं आयुष्य गेलेला माणूस. सुट्या भागांची चौकट हातात घेऊन म्हणाले, “हे तर आपलंच काम. हा रनर, ही पार्टिंग लाइन, आणि हा बघ फ्लॅश आलाय.” साचा जुना झाला, दोन अर्ध्या नीट बसेनाशा झाल्या की फटीतून माल बाहेर येतो आणि भागाच्या कडेला पातळ पापुद्रा राहतो. लोखंडाचं तसंच प्लॅस्टिकचं. कोल्हापुरात त्या साफसफाईला फेटलिंग म्हणतात. बापलेक दोन रविवार विमानाचं फेटलिंग करत बसले. जुन्या किटमध्ये हे काम फार असतं. पंख आणि धड यांच्या मध्ये फट राहते, ती पुट्टीने भरायची, वाळली की पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायची. पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या उठावदार रेषा असतात, त्या घासताना पुसल्या जातात, मग सुईने हळूच परत कोरायच्या.

घाई केली की लगेच दिसतं. प्लॅस्टिकचा सोल्युशनसारखा डिंक भाग चिकटवत नाही, तो दोन्ही कडा विरघळवून एक करतो. जास्त झाला तर नक्षीच वितळते. फेविक्विक काचेच्या झाकणाला लावला तर त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. तिथे आपला साधा फेविकॉल लागतो. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारा मुलगा श्वास रोखून चिमट्याने चाक बसवताना मी पाहिला. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी धरलाय. बेसावध मनाने झालेला घात ती हिंसा. सावधपणा ही आपली पहिली शिकवण, आणि ती त्याला मी सांगून कधी आली नव्हती.

खरा जैन पेच रंगाच्या वेळी आला. चातुर्मास, पंचगंगेकाठचं गाव, पाऊस. दिवेलागणीला ट्यूबलाइटभोवती चिलटं-पाखरं जमतात. आपण सूर्यास्ताआधी जेवतो ते याच जीवांसाठी. आणि ओला रंग म्हणजे त्यांच्यासाठी चिकट सापळा. त्यामुळे संध्याकाळ मोकळी असूनही रात्री रंगवायचं नाही, असं ठरलं. दिवसा, खिडकी उघडी ठेवून, उजेडात. हात थांबला की वर लगेच उपडा डबा. दमट हवेत एनॅमल रंग लवकर वाळत नाही, त्यामुळे एकेक हात दोन-दोन दिवस डब्याखाली राही.

ब्रशचंही तसंच. बारीक कामासाठी सगळे सेबल ब्रश घ्यायला सांगतात. आक्कांनी विचारलं, “सेबल म्हंजे काय?” धाकट्याने शोधून सांगितलं की मुंगसासारख्या एका प्राण्याचे केस. तो ब्रश घरात आला नाही. नायलॉनचा आणला, काही अडलं नाही.

आणखी एक गंमत सांगते. हे विमान तीन चाकांवर उभं करायचं तर नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर शेपटीवर बसतं. त्यासाठी मासेमारीच्या गळाचं शिसं वापरतात म्हणे. आमच्या घरात गळाची वस्तू! ह्यांनी फाउंड्रीतून शॉट ब्लास्टिंगचे चिमूटभर लोखंडी दाणे आणले. ओतकाम साफ करायचे ते दाणे नाकाच्या शंकूत भरले आणि विमान तिन्ही चाकांवर उभं राहिलं. आक्का त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

पण प्रश्न तसाच होता. खोक्यात दोन क्षेपणास्त्रं होती. ती पंखांखाली लावायची की नाही?

आक्का म्हणाल्या, नाही. धाकटा म्हणाला, “मग ते मिग कसलं?” आणि त्याने मला कोंडीत पकडलं. “श्रवणबेळगोळची मूर्ती चामुंडरायांनी घडवली ना? ते तर सेनापती होते.”

बरोबर होतं त्याचं. चामुंडराय गंग राजांचे सेनापती आणि मंत्री होते. आपले आचार्यही गृहस्थाला मुनीचा नियम लावत नाहीत. हिंसेचे चार प्रकार आपण शिकतो: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, मारण्याच्या इच्छेने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने पूर्ण सोडायची. स्वयंपाकात, धंद्यात होणारी कमीत कमी करायची. आणि आपल्यावर, आश्रितांवर, देशावर चालून आलेल्याला अडवताना होते ती विरोधी. ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही हे शास्त्राने मान्य केलंय. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने कोल्हापूरला वेढलं तेव्हा लष्कर, नौदल आणि एनडीआरएफची माणसं बोटी घेऊन आली. गणवेशातल्या माणसाला आपण तेव्हा हात जोडले. मग त्याच माणसाच्या हातातलं शस्त्र तेवढं दिसत नाही असं म्हणणं खोटेपणाचं.

मी त्याला दुसरी गोष्ट आठवून दिली, आदिपुराणातली. भरत आणि बाहुबली समोरासमोर उभे राहिले, दोन्हीकडे सैन्य सज्ज. मंत्र्यांनी म्हटलं, भांडण दोघांचं, मग सैनिक का मरावेत? दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध असं दोघांतच ठरलं. आपल्या कुंभोजच्या बाहुबलीची अठ्ठावीस फुटी मूर्ती १९६३ सालची, आणि मिग-२१ सुद्धा आपल्या हवाई दलात १९६३ मध्येच आलं. मी म्हटलं, “तू क्षेपणास्त्र लाव किंवा नको लावू. पण लावताना ते कुणावर पडतं याचा विचार कर.”

दोन दिवस तो गप्प होता. मग त्याने सांगितलं, “मामा-आजोबांच्या ओझरच्या कारखान्यातून नवं विमान बाहेर पडतं, त्याला क्षेपणास्त्र नसतं. मी तसलं करतो.” मामांची आठवण निघाल्यावर आक्काही काही बोलल्या नाहीत. दोन्ही क्षेपणास्त्रं कागदात गुंडाळून खोक्यात आहेत. फेकून द्यायला तो तयार झाला नाही, मीही आग्रह धरला नाही.

वैमानिक मात्र त्याने बसवलाच. बोटाच्या पेराएवढा माणूस, हेल्मेट घातलेला. “पायलटशिवाय विमान कसं आई?” तो काचेआड बसला आणि माझ्या पोटात कालवलं. कारण मिग-२१ म्हटलं की मला कविता गाडगीळ आठवतात. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ साली राजस्थानात सुरतगढला मिग-२१ च्या अपघातात गेला. दोष वैमानिकावर ठेवला गेला, आणि आईवडील तो पुसून काढण्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. या विमानाने १९७१ चं युद्ध गाजवलं. २०१८ मध्ये अवनी चतुर्वेदी लढाऊ विमान एकटीने उडवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली, तेही मिग-२१ मध्येच. पण शंभराहून जास्त वैमानिक त्याच्या अपघातांत गेले, म्हणून लोक त्याला उडती शवपेटीही म्हणू लागले. हे सगळं मी मुलाला सांगितलं. खोक्यावरच्या चित्रात यातलं काही नसतं.

किटसोबत आलेली चिन्हं रशियन लाल ताऱ्यांची होती, तीही पिवळी पडलेली. आपलं वर्तुळ त्याने हाताने रंगवलं: बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. एका पंखावरचं थोडं वाकडं झालंय. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला. हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांनी स्वतः शेवटचं उड्डाण केलं. बासष्ट वर्षांची सेवा संपली. टीव्हीसमोर आक्कासुद्धा बसल्या होत्या. विमान उतरल्यावर त्यांनी एकच विचारलं, “समदी सुखरूप उतरली न्हवं?”

धाकटा आता एनडीएचं नाव घेतो. आक्कांना ते पटत नाही, ह्यांना अभिमान वाटतो, आणि मी अजून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलेलं नाही. अजून तीन-चार वर्षं आहेत. पण पिठाच्या कोंबड्याबद्दल माझं मत झालंय. वस्तू खरी की खोटी, यावर ती कथा थांबत नाही. हात चालत असताना मन कुठे होतं, हे ती विचारते. चंद्रमतीने मुलाच्या हाती पीठ दिलं आणि मारण्याचा भाव त्याच्या मनात उतरवला. आपणही मुलांच्या हाती काही ना काही देतच असतो. देऊन आपण उठून गेलो, तर त्यांच्या मनात काय उतरलं हे आपल्याला कळणार कसं?

म्हणून तुमच्या घरी असा खोका आला तर लगेच माळ्यावर टाकू नका. नायलॉनचा ब्रश आणा, दिवसा रंगवू द्या, ओल्या रंगावर डबा झाका, रंग-डिंकाचा वास कोंडू नये म्हणून खिडकी उघडी ठेवा. आणि मुख्य म्हणजे शेजारी बसा. निवडायला धान्य घेऊन बसलात तरी चालेल. मी त्या दोन महिन्यांत वर्षाचे सगळे तांदूळ निवडून काढले.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल, आणि तुम्ही वेगळं ठरवलं असेल, तर तेही मला ऐकायचं आहे. जय जिनेंद्र.