कोबेच्या दिदी

जपानमध्ये कोणाच्या घरी पाहुणे म्हणून जायचे तर व्हिसाच्या अर्जासोबत यजमानाचे निमंत्रणपत्र जोडावे लागते. त्यात अर्जदाराशी असलेले नाते लिहायचा एक रकाना असतो. दिदींनी पाठवलेल्या कागदावर त्या रकान्यात दोनच अक्षरे होती. जपानी शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीकडून ती वाचून घेतली. ‘मित्र’, ती म्हणाली, आणि खालची ओळ वाचून आमच्याकडे पाहत राहिली. ओळख कशी झाली हे सांगताना दिदींनी लिहिले होते : नेपाळमधल्या एका गावात भूकंपानंतर सोबत दगड वाहिले.

आम्हाला इतके नेमके वाक्य लिहिता आले नसते. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘मदतकार्यातील सक्रिय सहभाग’ असे काहीतरी लिहून मोकळे झालो असतो.

२५ एप्रिल २०१५ रोजी सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी नेपाळ हादरला. केंद्र गोरखा जिल्ह्यात, तीव्रता ७.८, मृत जवळपास नऊ हजार. तो शनिवार होता, आणि नेपाळात शनिवारी शाळांना सुट्टी असते, म्हणून हजारो मुले वाचली. आम्ही उत्तरपत्रिका तपासून मोकळे झालो आणि गोरखपूर-सोनौलीमार्गे काठमांडूला पोहोचलो तेव्हा मेचा तिसरा आठवडा उजाडला होता. १२ मेचा दुसरा मोठा धक्काही होऊन गेला होता. एका लहानशा गटाने आमची रवानगी सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या एका गावी केली. माणसे सर्वांत जास्त गेली ती याच जिल्ह्यात.

तिथे दिदी आमच्या आधी आठवडाभर येऊन राहिल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, कमरेला टॉवेल खोचलेली बाई. तरुणपणी जपान सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून त्या नेपाळात गणित शिकवायला आल्या होत्या. पुढे आणखी एकदा येऊन राहिल्या. त्यामुळे त्यांना नेपाळी उत्तम येई. गाव त्यांना ‘जापानी दिदी’ म्हणे, म्हणून आम्हीही दिदी म्हणू लागलो. त्या आम्हाला ‘सेन्सेई’ म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, याचा अंदाज आम्हाला कधी आला नाही. आमच्यात बोलणे होई ते त्यांच्या नेपाळीत आणि आमच्या हिंदीत. तिघांपैकी कोणाचीही मातृभाषा त्यात नव्हती, आणि वादाच्या वेळी हे फार सोयीचे असे.

काम साधे होते. घरे दगडमातीची, पडलेल्या घराचा दगड नव्या घराला लागणार, म्हणून तो फेकायचा नाही. माणसांची रांग करायची, हातातून हातात दगड द्यायचा, शेवटी कोणीतरी तो रचायचा. लाकूड वेगळे, पत्रे वेगळे, भांडी वेगळी. ३१ मेला शाळा सुरू व्हायच्या होत्या, तोवर बांबू आणि पत्र्याचे दोन वर्ग उभे करायचे होते. पहिल्या दिवशी आम्ही उत्साहाने मोठे दगड उचलले आणि दुसऱ्या दिवशी उठू शकलो नाही. दिदी मधल्या आकाराचा दगड घेत आणि संध्याकाळपर्यंत घेतच राहत. ‘बिस्तारै’ हा त्यांचा आवडता शब्द होता. सावकाश.

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवे, कारण हे लिहिण्याचे कारण तीच आहे.

आमच्यापैकी एकाचे गाव लातूर जिल्ह्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले, थकलेली माणसे घरात निजलेली, वर माळवदाची माती आणि भोवती दगडांच्या जाड भिंती. त्यांतच सुमारे आठ हजार माणसे गाडली गेली. नेपाळातल्या त्या गावाला रात्री शेकोटीभोवती आम्ही हे सांगत असू. गावकरी ऐकत. दगडमातीच्या भिंती कशा फुगतात आणि मग कशा सुटतात, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते. आम्ही परके असूनही त्यांच्यातले झालो ते या गोष्टीमुळे. आणि रोज सांगताना आमचे गाव किल्लारीच्या थोडे थोडे जवळ सरकत गेले. प्रत्यक्षात ते चाळीसेक किलोमीटरवर आहे. भिंतींना तडे गेले, एक गोठा पडला, गावातले माणूस एकही दगावले नाही. चौदा वर्षांचा मुलगा चौथ्या दिवशी वडिलांसोबत ट्रॅक्टरमधून भाकऱ्यांची गाठोडी घेऊन किल्लारीला गेला आणि पावसात भिजलेले ढिगारे पाहून परत आला, एवढेच घडले होते. पण शेकोटीपाशी ‘आमच्या गावात’ हा शब्दप्रयोग एकदा निसटला आणि मग तो मागे घेतला गेला नाही.

दिदी त्या बैठकीत नेहमी असत. काही बोलत नसत.

परतल्यावर आम्ही एका दिवाळी अंकात लेख लिहिला. तो बराच नावाजला गेला. त्यात दिदींवर एक परिच्छेद होता. दुःखाची ओळख नसलेल्या सुरक्षित, शिस्तप्रिय देशातून आलेली ही बाई केवळ कर्तव्यबुद्धीने राबते, अशा अर्थाचे आम्ही लिहिले होते. जपानला भूकंपाची ओळख नाही असे लिहिणाऱ्या दोन प्राध्यापकांना कोणीही, संपादकांनीसुद्धा, हटकले नाही, याचे आज नवल वाटते. त्यांचे गाव कोबे, हे आम्हाला ठाऊक होते. पण कोबे आमच्या लेखी एक बंदर होते, फार तर एका कादंबरीकाराचे बालपण गेलेला परिसर. हारुकी मुराकामींचा २००० साली आलेला कोबे भूकंपावरचा कथासंग्रह आम्ही इंग्रजीतून वाचला होता. त्यातल्या कथा फेब्रुवारी १९९५ मध्ये घडतात, पण कोबेपासून दूर. भूकंप पात्रांपर्यंत बातम्यांतूनच येतो. या तंत्रावर आम्ही वर्गात बोललोही होतो. तरीही सोबत दगड वाहणाऱ्या बाईला एक प्रश्न विचारावा असे सुचले नाही. वाचन माणसाला किती कमी उपयोगी पडते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पत्रे येत-जात राहिली. २०२४ च्या पावसाळ्यात दिदींनी कळवले की येत्या १७ जानेवारीला तीस वर्षे होतील, जमले तर या. कशाची तीस वर्षे, हे त्यांनी लिहिले नव्हते. आम्ही तारीख शोधली, आणि त्या रात्री कपाटातला तो दिवाळी अंक बाहेर काढला.

१७ जानेवारी १९९५, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटे. मृत ६,४३४. जुन्या लाकडी घरांवरची जड कौले खाली आली आणि बहुतेक माणसे त्याखाली सापडली; नागाता भागात वर आगी लागल्या. नागाता म्हणजे कृत्रिम चामड्याची पादत्राणे करणाऱ्या लहान कारखान्यांची, कामगारांची वस्ती. जपानी, कोरियन, व्हिएतनामी कुटुंबे शेजारी शेजारी. दिदींचे घर तिथले.

त्या वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे आपण होऊन कोबेला मदतीला आली, म्हणून जपानमध्ये १९९५ ला स्वयंसेवेचे पहिले वर्ष म्हणतात. शब्द मात्र त्यांनी इंग्रजीतला घेतला, ‘बोरांतिया’. आपल्याकडे ‘स्वयंसेवक’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात आधी वेगळेच काही उभे राहते. तेव्हा उसना शब्द घेण्यात शहाणपण असावे.

दिदी स्थानकावर घ्यायला आल्या होत्या. ‘सन्चै हुनुहुन्छ?’ साडेनऊ वर्षांनी तोच प्रश्न, तीच मान कलती करण्याची लकब. केस पूर्ण पांढरे झालेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला नागाता फिरवून दाखवले. रुंद रस्ते, नव्या इमारती, बरीचशी बंद दुकाने. ताकातोरी भागातल्या चर्चपाशी त्या थांबल्या. जळालेल्या चर्चच्या जागी शिगेरू बान या वास्तुशिल्पीने स्वयंसेवकांच्या हातांनी कागदाच्या ५८ नळ्यांचे सभागृह उभारले होते. दहा वर्षांनी ते सुटे करून तैवानला पाठवले गेले. १९९९ च्या भूकंपात सापडलेल्या एका गावात ते आजही उभे आहे. ‘त्यातल्या काही नळ्या मी धरल्या होत्या,’ दिदी म्हणाल्या. स्वतःबद्दलचे त्यांचे आमच्या कानांवर पडलेले हे पहिले वाक्य.

उरलेले त्यांनी घरी, चहा करता करता, पाठमोऱ्या सांगितले. १९९५ च्या जानेवारीत त्या नेपाळात होत्या, दुसऱ्या मुक्कामावर. आई एकटी होती. बातमी कळली ती काठमांडूत, टीव्हीवर. सहाव्या दिवशी त्या ओसाकाला पोहोचल्या. पुढची रेल्वे तुटलेली. गाडी जिथवर गेली तिथून पाठीवर पाण्याच्या बाटल्या आणि भाताचे गोळे घेऊन त्या चालत निघाल्या. आईला तोवर शेजाऱ्यांनी बाहेर काढले होते. ‘मी माझा भूकंप पाहिलाच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मग सांगणार काय?’

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग पिशवीतून अंक काढला. भेट म्हणून आणला होता असे म्हणणे खोटे ठरेल. तो तिथे उघडावा की नाही, हे विमानातसुद्धा ठरले नव्हते. दिदींनी स्वतःचे नाव कुठे आहे ते विचारले. नाव घातलेले नाही, असे म्हटल्यावर त्यांना बरे वाटलेले दिसले. ‘वाचा,’ त्या म्हणाल्या.

मोडक्या हिंदी-नेपाळीत आम्ही वाक्यामागून वाक्य सांगत गेलो. त्यांच्यावरच्या परिच्छेदाशी आलो तेव्हा क्षणभर वाटले, इथे दोन विशेषणे गाळली तर कोणाला कळणार आहे? भाषांतरात एवढी मुभा असतेच. गाळली नाहीत. त्या ऐकून हसल्या, पण ते हसणे आमच्यासाठी सोपे व्हावे म्हणून होते, हे आम्हाला कळले. मग त्याआधीच्या पानावरचे ‘आमच्या गावात’ हे वाक्य आले आणि तेही आम्ही जसे होते तसे सांगितले. गाव चाळीस किलोमीटरवर, माणूस एकही गेलेले नाही, मुलगा चौथ्या दिवशी पोहोचला.

‘काय घेऊन गेला होता?’ दिदींनी विचारले.

‘भाकऱ्या.’

भाकरी म्हणजे काय, ते त्यांनी नीट समजून घेतले. ज्वारी, थापणे, किती दिवस टिकते. आमच्या भाकऱ्या कोणी खाल्ल्या नाहीत, हेही मग सांगितले गेले. किल्लारीला तोवर भाकऱ्यांचे ढीग लागले होते आणि पावसात त्यांना बुरशी येत होती. हे आम्ही लेखात लिहिले नव्हते, कुठेच लिहिले नव्हते. दिदी म्हणाल्या, त्यांचे भाताचे गोळेही दगडासारखे घट्ट झाले होते. शेजारच्या म्हातारबाने ते पाण्यात शिजवून सगळ्यांना वाटले.

सतराच्या पहाटे पाचला आम्ही शहराच्या मध्यभागी असलेल्या हिगाशी युएन्ची बागेत होतो. थंडी हाडात शिरणारी. बांबूच्या पेरांत आणि कागदी कंदिलांत मेणबत्त्या लावलेल्या, त्यांतून १.१७ हे आकडे उमटलेले. ५ वाजून ४६ मिनिटांनी सारी बाग स्तब्ध झाली. एवढ्या गर्दीत कोणी खोकलेही नाही. आपल्याकडे अशा वेळी भाषण असते, हा विचार नको असताना मनात आला. नंतर दिदींनी आम्हाला स्मारकाखालच्या तळघरात नेले. गोलाकार भिंतींवर नावांच्या पट्ट्या आहेत. एका पट्टीवर त्यांनी बोट ठेवले, आणि शेजारच्या पट्टीवर साचलेली धूळही जाता जाता पुसली.

निघण्याच्या दिवशी विमानतळाची बस दुपारची होती. दिदींनी तो अंक ठेवून घ्यायचा हट्ट धरला. वाचता येत नाही, पण असू दे, म्हणाल्या. फक्त भाकरीचे जे सांगितले ते त्यात लिहून द्या. समासात जागा थोडी होती. आम्ही पेन्सिलीने, आळीपाळीने, देवनागरीत लिहिले. ‘आमच्या गावात’ या शब्दांखाली रेघ मारून शेजारी लिहिले : चाळीस किलोमीटर.